पंधरा खणांचा हिशेब

“बाबा, जागा नाही!”

आतल्या खोलीतून चिरंजीवांची ही आरोळी आली तेव्हा मी रविवारचा पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. हे वाक्य मला नवीन नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो, आणि लॉकर मागायला आलेल्या माणसाला मी स्वतः ते इतक्या वेळा ऐकवलं आहे, की झोपेतसुद्धा त्याच्यापुढचं “अर्ज देऊन ठेवा, नंबर लागला की कळवू” आपोआप तोंडातून बाहेर पडतं. त्या दिवशीही पडलं.

“अर्ज कुणाला देऊ? दोनशे जीबीचा गेम आहे. काहीतरी उडवावं लागेल, नाहीतर नवी एसएसडी घ्यावी लागेल.”

‘घ्यावी लागेल’ हे शब्द कानावर पडताच मी पेपर बाजूला केला आणि उठून बसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “कसली जागा? चिखली रोडचा प्लॉट बघताय की काय?” त्या प्लॉटचा विषय आमच्या घरात आठ वर्षं चालू आहे. तो पुन्हा निघण्यापेक्षा व्हिडिओ गेमचा विषय परवडला, म्हणून मी लगबगीने आतल्या खोलीत गेलो.

हे यंत्र आमच्या घरात आलं ते माझ्याच जिभेमुळे. “दहावीला नव्वदच्या वर गेलास तर प्लेस्टेशन घेऊन देईन,” असं मी एकदा पाहुण्यांसमोर बोलून गेलो. बोलताना मुलाचे नववीचे मार्क माझ्या डोळ्यांसमोर होते. त्या आधारावर मी पाहुण्यांसमोर विमानसुद्धा कबूल केलं असतं. कारट्याने एक्क्याण्णव पूर्णांक वीस काढले. प्लेस्टेशन पाच हे यंत्र भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. आम्ही ते नंतर घेतलं, हप्त्यांनी घेतलं, आणि ते घेताना कर्जदाराच्या खुर्चीत बसून कसं वाटतं याचा अनुभव मला प्रथमच आला.

खोक्यावर लिहिलं होतं, साठवणूक ८२५ जीबी. प्रत्यक्षात वापरायला मिळतात ६६७. बाकीचे १५८ कुठे गेले म्हणून विचारलं, तर यंत्राचा स्वतःचा कारभार त्यावर चालतो म्हणे. म्हणजे हा टीडीएसच झाला. फॉर्म सोळा मात्र मिळत नाही.

आता जीबी, एमबी, केबी ही काय भानगड आहे हे माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाने सांगायचं तर ते असं. एका पोस्टकार्डावर आपली आजी दाटीवाटीने, मायन्यापासून समासातल्या ‘ता. क.’पर्यंत जेवढी अक्षरं कोंबत असे, तो झाला साधारण एक केबी. हजार पोस्टकार्डांचा एक एमबी. दहा लाख पोस्टकार्डांचा एक जीबी. चिरंजीवांना हवा असलेला गेम म्हणजे वीस कोटी पोस्टकार्डं. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ नावाच्या युद्धाच्या खेळाने २०२० च्या सुमारास दोनशे जीबीचा आकडा खरोखरच ओलांडला होता. पुढे त्याच्या कंपनीने तो थोडा आवळला, पण आवळून आवळून किती आवळणार? शेगावच्या मंडळींनी कचोरी कमी खायचं ठरवावं, तसलाच तो प्रकार.

आणि मी ज्या खेळावर वाढलो तो ‘सुपर मारिओ’ केवढा होता? ४० केबी. चाळीस पोस्टकार्डं.

मी तिथल्या तिथे पेपराच्या कोऱ्या समासात भागाकार केला. ६६७ जीबीत १ कोटी ६६ लाखांच्या वर मारिओ मावतात. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे २५ लाख ८६ हजार. म्हणजे मलकापूरपासून सिंदखेडराजापर्यंत तान्ह्या पोरांसकट माणशी सहा-सहा मारिओ वाटले, तरी रेशन दुकानदारासाठी दहा-अकरा लाख शिल्लक राहतात. चिरंजीवांना हा हिशेब दाखवला, तर ते म्हणाले, “पण बाबा, सहा वेळा तोच मारिओ कोण खेळेल?” आम्ही साठ वेळा खेळलो होतो, हे मी सांगितलं नाही.

हा मारिओ जपानात १९८५ साली निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या यंत्रावर आला. त्या यंत्राच्या नकला तैवानहून, चीनहून जगभर गेल्या आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपल्याकडेही पोचल्या. ‘समुराई’, मीडियाचा ‘लिटल मास्टर’ ही नावं आठवून आज चाळिशी ओलांडलेले अनेक सभ्य गृहस्थ डोळे पुसताना मी पाहिलेले आहेत. खेळाच्या त्या डबीला सगळं जग ‘कार्ट्रिज’ म्हणत होतं, आपण मात्र ‘कॅसेट’ म्हणत होतो. ती चालली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. चिखलीला आमच्या घरी माझ्या मोठ्या भावाची फुंकर जास्त गुणकारी मानली जाई, आणि तो तिचा मोबदला म्हणून पहिला डाव घेई. ‘९९९९ इन १’ असं लिहिलेल्या कॅसेटीत मोजून वीसेक खेळ असत आणि पुढे तेच खेळ नावं बदलून पुन्हा रांगेला उभे राहत. पुढे बँकेत काही कर्जदारांच्या बाबतीत हीच पद्धत मला पाहायला मिळाली.

तर तो मारिओ ४० केबीत बसवला कसा? काटकसरीने. त्या खेळात आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं दिसतात ना, ते एकच चित्र आहे. वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. मला हे कळलं तेव्हा आमच्या आईची आठवण झाली. जुन्या नऊवारीची गोधडी, गोधडीचं पोतेरं आणि पोतेऱ्याची शेवटी चुलीपाशी फडकी, हे तिचं अर्थशास्त्र जपानात कुणीतरी वाचलेलं दिसतं.

यामागचं कारण मात्र शुद्ध जमाखर्चाचं आहे. कॅसेटीत खेळ साठवायला जी चिप लागे, तिचे पैसे खेळ करणाऱ्याला मोजावे लागत. तेही माल विकला जाण्याआधी, हजारोंच्या संख्येने. खेळ दुप्पट मोठा झाला की चिप महाग, चिप महाग झाली की नफा गेला. त्यामुळे एकेका केबीवर माणसं घासाघीस करत बसत. खातेवहीच्या भाषेत सांगायचं तर साठवणुकीचा खर्च कंपनीच्या नावे होता, आणि स्वतःच्या नावे खर्च पडत असला की माणूस फार विचारपूर्वक वागतो. बाकीचा इतिहास हा ती एक नोंद त्यांच्या पानावरून माझ्या पानावर कशी आली याचाच आहे.

यातला पहिला प्रयोग अमेरिकेत १९८३ साली झाला. अटारी नावाच्या यंत्राला टेलिफोनची तार जोडायची आणि खेळ फोनवरून उतरवून घ्यायचा. ‘गेमलाइन’ असं त्या सेवेचं नाव. यंत्र बंद केलं की उतरवलेला खेळ पुसला जाई. कंपनी लवकरच बुडाली. तिच्या अवशेषांतून पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’ ही बलाढ्य कंपनी उभी राहिली हा भाग वेगळा. त्याच साली आपल्याकडे टेलिफोनसाठी नंबर लावलेला माणूस फोन येईपर्यंत आजोबा होत असे. फोन आल्यावर त्याच्यावरून खेळ मागवला असता, तर तो नातवालाच मिळाला असता.

दुसरा प्रयोग मला फार आवडतो. निन्टेन्डोने १९८६ साली जपानात फॅमिकॉमला जोडायची एक डिस्क काढली. तिच्यावर ११२ केबी मावत. जुना खेळ खेळून कंटाळा आला की ती डिस्क घेऊन दुकानात जायचं, तिथल्या यंत्रात घालायची, ५०० येन द्यायचे आणि जुन्याच्या जागी नवा खेळ भरून घ्यायचा. थोडक्यात, गिरणीवरचं दळण. डबा आपला, पीठ त्यांचं. ही योजना आपल्याकडे आली असती तर बायकांनी गिरणीवाल्याला बजावतात तसं बजावलं असतं, “माझ्या आधीचा खेळ कुणाचा होता? ज्वारीवर गहू दळू नका.” पण त्याच वर्षी चिपा स्वस्त झाल्या, १२८ केबीच्या कॅसेटी निघाल्या आणि डिस्कचा डबा लहान पडला. तरीही ही दळणाची सोय जपान्यांनी २००३ पर्यंत चालू ठेवली. सतरा वर्षं! आमच्या गल्लीतली खरी गिरणी तेवढी टिकली नाही.

खेळ अर्धवट राहिला तर काय करायचं, हा त्या काळचा आणखी एक प्रश्न होता. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या १९८७ च्या दुसऱ्या भागात खेळाडूला बावन्न अक्षरांपर्यंतचा मंत्र पडद्यावरून वहीत उतरवून घ्यावा लागे. दुसऱ्या दिवशी तो बिनचूक घातला की खेळ पुढे सुरू. एक अक्षर चुकलं की सगळी तपश्चर्या वाया. यात कंपनीचा एक पैसाही खर्च होत नव्हता. साठवणूक पोराच्या वहीत आणि वहीचे पैसे बापाचे. पहिली नोंद माझ्या पानावर पडली ती इथे, असं मला वाटतं.

दुसरी पडली ती १९९४ मध्ये सोनीचं प्लेस्टेशन आलं तेव्हा. त्यात कॅसेट गेली आणि सीडी आली. सीडीवर सुमारे ६५० एमबी मावतात आणि ती छापायला चिपेच्या मानाने काहीच लागत नाही. खेळ करणाऱ्यांची दिवाळी झाली. ढगाला ढग आणि झुडपाला झुडूप मिळालं. पण सीडीवर यंत्राला काही लिहिता येत नाही. त्यामुळे आपण कुठवर आलो हे लक्षात ठेवायला एक मेमरी कार्ड वेगळं विकत घ्यावं लागे. एवढंसं, करड्या रंगाचं. त्याची जागा १२८ केबी. त्याचे सोळा खण, त्यातला एक खण यादी ठेवायला, आणि उरले पंधरा.

या पंधरा खणांशी माझा व्यावसायिक संबंध आला. ते सविस्तर सांगतो.

१९९९-२००० साली मी खामगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. खामगाव म्हणजे चांदीचं गाव. तिथल्या बाजारात चांदीच्या तोळ्या-मासाचा हिशेब चाले, त्याच बाजारामागच्या एका बोळात एका काकांनी दोन टीव्ही आणि दोन प्लेस्टेशनं टाकून पार्लर काढलं होतं. यंत्रं मुंबईच्या मनीष मार्केटातली, सीड्या त्याहून संशयास्पद ठिकाणच्या. तासाला पंधरा रुपये. दोन यंत्रांत मेमरी कार्ड एकच, कारण काकांचं म्हणणं असं, की खेळायला आलेल्या पोराने खेळावं, आठवणी घरी ठेवाव्यात.

पण पोरांना आठवणी तिथेच ठेवायच्या होत्या. पंधरा खण आणि गिऱ्हाइकं पन्नास. एकाचा खेळ दुसऱ्याने पुसला म्हणून भांडणं होऊ लागली. एकदा तर जिनिंग फॅक्टरीतल्या दोन पोरांनी हाणामारी केली. तेव्हा काकांनी मला बोलावलं. “तू कॉमर्सचा आहेस ना? मग ही वही घे आणि याची व्यवस्था लाव. रोजचा अर्धा तास तुला फुकट.”

वाचकहो, मी त्या शंभर पानी वहीत आयुष्यातलं पहिलं लेजर उघडलं. खण क्रमांक, खातेदाराचं नाव, गाव, खेळाचं नाव, उघडल्याची तारीख, शेवटच्या व्यवहाराची तारीख, शेरा. खेळाप्रमाणे कुणाला एक खण लागे, कुणाला तीन-चार. महिनाभर फिरकला नाही त्याचं खातं बंद. महिन्याला पाच रुपये खणभाडं लावण्याची कल्पनाही माझीच. काकांनी ती ऐकून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं पुढे कुठल्या ब्रँच मॅनेजरने पाहिलं नाही. नंतर बँकेच्या मुलाखतीत “कामाचा काही पूर्वानुभव?” असं विचारलं तेव्हा हे सांगावं असं फार मनात आलं होतं.

या खातेदारांत एक मुलगा होता. बारा-तेरा वर्षांचा, पिंपळगाव राजाकडचा. बाजाराच्या दिवशी बाप माल घेऊन येई आणि हा त्याच्याबरोबर. बाप मालाजवळ बसला की याला एक तास सुटी आणि पंधरा रुपये मिळत. तो नेहमी एकच खेळ खेळे, मोटारींच्या शर्यतींचा. त्या खेळात सुरुवातीला थोडेसे पैसे मिळतात. त्यातून जुनी, वापरलेली गाडी घ्यायची, शर्यती जिंकायच्या, बक्षिसाच्या पैशांतून गाडी सुधारायची, मग दुसरी घ्यायची. रोज खेळणाऱ्याला यात काही विशेष नाही. पण आठवड्याला एकच तास खेळणाऱ्या त्या पोराने सहा-सात महिन्यांत तीन गाड्या केल्या होत्या. तिसरी लाल होती. तो आला की आधी शर्यत लावत नसे. गॅरेजमध्ये जाऊन दोन-तीन मिनिटं तीन गाड्या नुसत्या बघत बसे. त्याच्या पंधरा रुपयांतले आठ आणे असे बघण्यातच जात.

त्या एप्रिलात कुस्त्यांचा एक नवा खेळ आला. मला तो साठवायचा होता आणि पंधराही खण भरलेले होते. वही माझ्याच हातात. मी पान उलटत गेलो. बाकीचे खातेदार गावातले, अंगापिंडाने भरलेले, रोज येणारे. पिंपळगावचा मुलगा परीक्षेमुळे दोन बाजार आला नव्हता. महिना भरला नव्हता. नियमाप्रमाणे त्याचं खातं चालू होतं आणि मेपर्यंतचं भाडंही जमा होतं. मी ते खण पुसले. यंत्र विचारतं, नक्की पुसायचं का? मी हो म्हटलं. वहीत त्याच्या नावापुढे ‘खाते बंद’ असा शेरा लाल शाईने मारला आणि खाली रेघही ओढली, अगदी पट्टीने.

पुढच्याच बाजाराला तो आला. यंत्र लावलं, कार्डाची यादी उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली.

“भाऊ, माही गाडी दिसून नाई राह्यली.”

“मधातच लाइन गेली होती,” मी म्हणालो. “कार्ड खराब झालं.”

“सगळ्याइचंच गेलं?”

“बऱ्याच जणांचं.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मलाच म्हणाला, “मंग तुमचंबी गेलं असंन, भाऊ. तुम्ही तं रोजच खेयता.”

मी मान हलवली. त्याने पंधरा रुपये काढून दिले आणि नवीन डाव लावून वापरलेली गाडी घेतली. मी त्या दिवशी माझा फुकटचा अर्धा तास घेतला नाही, एवढंच. मेपर्यंतच्या भाड्याचे पाच रुपये परत करायला हवे होते, तेही केले नाहीत. तो आणखी तीन-चार बाजार आला. मग पेरण्या सुरू झाल्या आणि दिसला नाही. काकांनी पुढच्या वर्षी पार्लर बंद करून तिथे एसटीडी बूथ टाकला. वही मी घरी आणली होती. चिखलीच्या घराच्या माळ्यावर ती अजून असावी.

असो. इतिहास पुढे नेला पाहिजे.

आपल्याकडे ब्रॉडबँड आलं ते २००५ च्या जानेवारीत, भारत संचार निगमच्या ‘डेटावन’च्या रूपाने. वेग २५६ केबीपीएस. सरकारने २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच तेवढी केली होती. महिन्याला एवढे एमबी वापरायचे, पुढे दर एमबीला पैसे. त्यात एक योजना मात्र अशी होती, की रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा. काकडआरतीची सवय असलेल्या आपल्या समाजाला ही योजना मानवली. माझे मेहुणे पुण्याहून मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स घेऊन सुटीला आले, तेव्हा आम्ही दोघं गजर लावून दोनला उठत होतो. बुलढाण्याची थंडी, अंगावर शाल, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते आहे. २५६ च्या वेगाने सहा तासांत फार तर ६९० एमबी उतरतात. रात्रीला एक सीडी. चिरंजीवांचा आजचा दोनशे जीबीचा गेम त्या वेगाने उतरवायला २८९ रात्री लागल्या असत्या. साडेनऊ महिने. तेवढ्यात घरात दुसरं काहीतरी हललं असतं. ते दिवस भारनियमनाचे. पहाटे पाचला पट्टी नव्वद टक्क्यांवर आली की वीज जाई आणि मेहुणे सभ्य माणसाच्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द वापरीत.

मजा अशी, की त्या काळात खेळ लहान ठेवण्याची सक्ती खुद्द कंपन्याच करत होत्या. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये आपल्या ऑनलाइन दुकानातल्या छोट्या खेळांना ५० एमबीची मर्यादा घातली होती. कारण सरळ होतं. त्यांचं स्वस्तातलं यंत्र हार्ड डिस्कशिवाय विकलं जाई आणि त्याचं मेमरी कार्ड ६४ एमबीचं. गिऱ्हाइकाच्या घरात माळाच नाही, तर त्याला पिंप विकून उपयोग काय? निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्रात तर एकूण जागाच ५१२ एमबी; तिथे २००८ पासून डाउनलोडच्या खेळांना ४० एमबीची हद्द. त्या ४० एमबीत दोन माणसांच्या एका कंपनीने ‘वर्ल्ड ऑफ गू’ नावाचा असा सुंदर खेळ बसवला, की जगाने डोक्यावर घेतला. उलट ‘सुपर मीट बॉय’ हा गाजलेला खेळ त्याच ४० एमबीत बसेना, म्हणून त्याचं ‘वी’वर येणं रद्द झालं. नाव ऐकून सौ. म्हणाल्या, बरंच झालं.

मर्यादा मग हळूहळू सैल होत गेली. ५० च्या १५० झाल्या, १५० च्या ३५०, आणि शेवटी दोन जीबी. आमच्या बँकेतल्या ओव्हरड्राफ्टच्या खातेदारांची मर्यादा नेमकी याच क्रमाने वाढते आणि शेवट माहीत असूनही आम्ही ती वाढवतो.

२०१३ नंतरच्या यंत्रांत खेळ तबकडीवर विकत घेतला तरी तो आधी यंत्रात उतरवावाच लागतो, आणि त्यावर दुरुस्तीचं डाउनलोड वेगळं. त्यातच २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा वाहू लागला. तारेतली अडचण संपली; अडचण कपाटात आली. खेळ करणाऱ्याला आता एक जीबी वाढला काय आणि पन्नास वाढले काय, सारखंच. ढग कुठे ठेवायचे ते माझं मी बघायचं. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या यंत्राला एक टेराबाइटचं जादा कार्ड निघालं, त्याची किंमत २२० डॉलर होती. त्याच यंत्राची धाकटी आवृत्ती ३०० डॉलरला मिळत होती. घर तीन लाखांत आणि माळा सव्वादोन लाखांत! निन्टेन्डोने तर २०२५ च्या आपल्या नव्या यंत्रासाठी अशी कॅसेट काढली, की जिच्यात खेळच नाही, नुसती किल्ली आहे. खेळ डाउनलोड करायचा, ठेवायचा आपल्या जागेत, आणि खेळताना ही किल्ली लावायची. एवढी वर्षं लॉकर खात्यात घालवूनही, भाडेकऱ्याला किल्ली देऊन “लॉकर तुमच्या घरी बांधून घ्या” असं सांगायचं आम्हा बँकवाल्यांना सुचलं नाही.

“बाबा, ऐकताय ना? एसएसडीचं काय करू?” चिरंजीवांनी मला विसाव्या शतकातून ओढून काढलं.

मी किंमत विचारली. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तावाल्यांची मोठमोठी केंद्रं त्या घाऊक उचलतात म्हणे. आकडा ऐकून मी चष्मा पुसला आणि पुन्हा विचारला. तोच होता.

“काहीतरी उडव,” मी म्हणालो.

त्याने यादी काढली. वरच शंभरावर जीबीचा मोटारींचा खेळ होता. “हा उडवतो. मी खेळतच नाही. दिवाळीत मोताळ्याहून पुतण्या येतो तुमचा, तोच खेळतो. वर्षातून आठ दिवस.”

“थांब,” मी म्हणालो. “त्याच्या गाड्या?”

“कुठल्या गाड्या?”

“त्याने जिंकलेल्या. साठवलेल्या.”

“अहो बाबा, गेम उडवला तरी सेव्ह राहतो. वेगळा असतो तो. दिवाळीत गेम परत टाकला की आहे तिथून सुरू.”

“नक्की?”

“नक्की.”

“दाखव.”

त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं, पण पुतण्याच्या नावाने आत शिरून यादी काढून दाखवली. काही एमबीची एक ओळ होती. मी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग त्याने गेम उडवला आणि मी पुन्हा यादी उघडायला लावली. ओळ होती तिथेच होती.

“हे कुणी काढणार नाही ना?”

“कोण काढेल, बाबा? आणि कशाला?”

मी उत्तर दिलं नाही. गॅस बंद केलाय का ते बघून येतो म्हणालो, आणि स्वयंपाकघरात गेलो. तिथे सौ. पोळ्या करत होत्या.